पाण्याची साक्ष काढणारा माणूस

पावसाळ्यात पंचगंगेकाठच्या कसबा बावड्यातली सकाळ एकाच प्रश्नाने उजाडते, ‘राजारामवर किती फूट?’ राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीवर पंचगंगा ३९ फुटांना टेकली की इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. दावणीची जनावरे कधी हलवायची, हे त्या आकड्यावर ठरते. पट्टी चोख वाचली पाहिजे, हे बावडेकरांना वेगळे सांगावे लागत नाही.

आंबा घाट उतरून जयगड बंदरात गेले की हेच वाचन जहाजाच्या अंगावर चालते. ते करणारा असतो मरीन सर्व्हेअर.

कोळशाने भरलेले जहाज तराजूत घालता येत नाही, म्हणून जहाजाचाच तराजू करतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांना मिळून सहा ठिकाणी जहाज किती बुडाले हे सांगणारे आकडे रंगवलेले असतात. लाटेने पाणी वरखाली होते. सर्व्हेअर होडीतून पुन्हा पुन्हा पाहून सरासरी काढतो. मोठ्या जहाजावर एका सेंटीमीटरची चूक म्हणजे पन्नास-साठ टन मालाचा फरक. मग तो बाजूचेच पाणी बाटलीत घेऊन त्याची घनता मोजतो. समुद्राचे लिटरभर पाणी साधारण १,०२५ ग्रॅम भरते, गोडे १,०००. पावसाळ्यात शास्त्री नदीचे पाणी खाडीत मिसळले की तेवढ्याच मालाचे जहाज थोडे अधिक बुडते. टाक्यांतले पाणी आणि इंधन मोजून वजा करायचे, माल उतरल्यावर सारे पुन्हा मोजायचे; दोन्हींतला फरक म्हणजे उतरलेला माल.

जहाज समुद्रात जाण्याजोगे आहे का, हे सरकारी सर्व्हेअर आणि १९७५ साली मुंबईत सुरू झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्था तपासतात. स्वतंत्र सल्लागार सर्व्हेअरला बोलावतात ते विमा कंपनी, मालधनी किंवा जुने जहाज घेणारा. अशा सल्लागारांतले बरेच जण आधी कित्येक वर्षे इंजिनरूममध्ये घाम गाळलेले असतात. गंजलेल्या पत्र्याची उरलेली जाडी ते ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजतात. इंजिन बिघडले तर दोष देखभालीचा, तेलाचा की सुट्या भागाचा, हे उकलून दाखवतात.

या कामाची खरी कसोटी इथे लागते. मेहनताना एक पक्ष देतो, पण अहवाल दोघांनाही मान्य व्हावा लागतो. पैसे देणाऱ्याचे नुकसान करणारा आकडाही जसाच्या तसा लिहावा लागतो. त्यामागे माणसांचे जीव आहेत. जादा माल भरलेली जहाजे खलाशांसह बुडत, म्हणून ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांवर माल भरण्याची मर्यादा दाखवणारी भाररेषा सक्तीची झाली.

म्हणूनच चांगला सर्व्हेअर नुसता आकडा लिहून थांबत नाही. वेळ, जागा, पाण्याची घनता, लाटांची स्थिती हेही तो शेजारी नोंदवतो. उद्या कुणाला शंका आली, तर त्याला तोच हिशेब पहिल्यापासून मांडून पाहता आला पाहिजे.