ॲस्बेस्टॉसिस

ॲस्बेस्टसाचे सूक्ष्म तंतू दीर्घकाल श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुप्फुसांचा व्यवसायजन्य रोग. ॲस्बेस्टस हे तंतुमय सिलिकेट खनिजांच्या गटाचे नाव असून ही खनिजे अग्निरोधक व उष्णतेची मंदवाहक असतात. त्यामुळे सिमेंटचे पत्रे, ब्रेकची अस्तरे व वाफेच्या नळांवरील वेष्टने यांत त्यांचा विपुल उपयोग झाला. ॲल्युमिनियमाच्या प्रगलन कारखान्यांत विद्युत् विच्छेदन घटांतील तापमान सु. ९५०° से. असते; तेथे उष्णतानिरोधक थर, कापड व हातमोजे या रूपांत ॲस्बेस्टस वापरीत. म्हणून ॲस्बेस्टसाच्या वस्तू बनविणाऱ्यांप्रमाणेच भट्ट्यांची दुरुस्ती करणाऱ्या व बंद पडलेला कारखाना पाडणाऱ्या कामगारांनाही धोका संभवतो.

विकृती व लक्षणे : वायुकोशांपर्यंत पोहोचलेले तंतू शरीराला नष्ट करता येत नाहीत. त्यांच्याभोवती तंतुमय ऊतक वाढून फुप्फुसे ताठर होतात. श्रमाने धाप लागणे व कोरडा खोकला ही प्रमुख लक्षणे होत. ती बहुधा १० ते २० वर्षांनी अथवा त्याहूनही उशिरा दिसतात. फुप्फुसाचा व परिफुप्फुसाचा कर्करोगही उद्भवू शकतो. धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. झालेली विकृती औषधाने बरी होत नाही.

इतिहास व प्रतिबंध : डब्ल्यू. ई. कुक या ब्रिटिश वैद्यांनी १९२४ मध्ये या विकृतीचे वर्णन केले व १९२७ मध्ये तिला हे नाव दिले. ब्रिटनमध्ये १९३१ साली धूलिनियंत्रणाचे नियम झाले. मुंबईतील एका ॲस्बेस्टस गिरणीच्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्या पाच जणांत एकाहून अधिकांना हा रोग आढळला. त्यापूर्वी, २७ जानेवारी १९९५ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि त्याच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे जतन करण्याचा आदेश दिला.

या आदेशाचे महत्त्व रोगाच्या मंद गतीत आहे. सातारा, सांगली आदी जिल्ह्यांतून मुंबईच्या कारखान्यांत गेलेले अनेक कामगार निवृत्तीनंतर गावी परततात. तेथे त्यांची धाप दमा किंवा क्षय समजली जाण्याचा संभव असतो. म्हणून क्ष-किरण चित्राबरोबरच रुग्णाच्या पूर्वीच्या व्यवसायाची विचारपूस निदानासाठी आवश्यक ठरते. नोंद नसल्यास नुकसानभरपाईचा हक्क सिद्ध करणे कठीण होते.