उपचारापूर्वीचा एक प्रश्न

सिल्वासाहून स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी एखादी तरुण भगिनी मुंबईस निघते, तेव्हा मातृत्वाचा प्रश्न बहुधा अनुच्चारितच राहतो. केमोथेरपीने बीजकोशांतील स्त्रीबीजांचा नाश होऊ शकतो. म्हणून तत्पूर्वी, सुमारे दोन आठवड्यांत, स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात सुमारे ५०० स्त्रियांनी गर्भधारणेसाठी संप्रेरक-उपचार काही काळ थांबविले. पहिल्या काही वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

भ्रूण गोठविण्याविषयी ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत. स्त्रीबीज मात्र भ्रूण नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा. निर्णय त्या भगिनीचाच. पाळकांनी व धर्मशिक्षकांनी वेळेवर एवढेच विचारावे, असे आम्हांस वाटते : “ताई, याविषयी डॉक्टरांशी बोललात का?”