वाढदिवसाची आरास घरच्या घरी

गोव्यातील घरांना सजावट कोणी शिकवावी लागत नाही. चवथीला गणपतीच्या डोक्यावर सुपारीचे घड, नारळ, केळी, कांगले आणि रानफळे बांधून माटोळी नटवली जाते. दिवाळीला बांबूच्या काड्या आणि पतंगी कागद घेऊन मुले आकाशकंदील करतात. तुळशीच्या लग्नाला ऊस, आवळे, चिंचा आणि झेंडूच्या माळांनी वृंदावन सजते. राज्याचे कला व संस्कृती संचालनालय माटोळीसाठी स्पर्धाही घेते, इतकी ही कला येथे मानाची आहे. मात्र मुलाचा वाढदिवस आला की याच घरांत बाजारातून तयार सजावटीची पाकिटे येतात. चकचकीत पडदे, फुग्यांची कमान, प्लास्टिकची अक्षरे आणि भिंतीएवढा छापील फलक संध्याकाळी लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सारा पसारा कचऱ्याच्या पिशवीत जातो.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात ट्रक, यंत्रे आणि बार्ज यांवर अनेक कुटुंबे उभी होती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्या पुन्हा बंद पडल्या. उत्पन्न आटले, पण बरकतीच्या दिवसांत रुळलेल्या सोहळ्यांच्या पद्धती सहजी मागे हटल्या नाहीत. पेडण्यातही शेती, मासेमारी, हंगामी पर्यटन आणि रोजंदारी यांवर चालणाऱ्या घरांना एका संध्याकाळचा खर्च महिनाभर जाणवतो. वर्गातील एका मुलाचा मोठा सोहळा झाला की इतरांच्या आईवडिलांवर न बोलता ओझे पडते. खर्च कमी करायचा आणि मुलाला कमीपणा वाटू द्यायचा नाही, अशी दुहेरी कसरत त्यांना करावी लागते. घरी केलेली सजावट हा त्यावरचा एक चांगला उपाय ठरतो. मात्र ती थोडे आधीपासून आणि नीट आखून करायला हवी.

कायद्याची मर्यादा

तयारीला लागण्यापूर्वी काय आणू नये हे ठाऊक असणे बरे. केंद्र सरकारच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन सुधारणा नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंचे उत्पादन, साठवणूक, विक्री आणि वापर यांवर देशभर बंदी आहे. त्या यादीतील बऱ्याच वस्तू वाढदिवसाच्याच आहेत. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या पताका, सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, सुऱ्या आणि स्ट्रॉ, मिठाईचे खोके व निमंत्रणपत्रिका यांवरील प्लास्टिकचे वेष्टन, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक या साऱ्यांचा त्यात समावेश आहे. म्हणजे मुलाचे छायाचित्र छापलेला पातळ फलक किंवा थर्माकोलचा आकडा दुकानात मिळाला, तरी तो घेणे नियमाला धरून होत नाही.

फुगा या यादीत नाही, पण त्याबाबतही विचार करावा. पेडणे तालुक्यातील मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात आणि वनखाते त्यांच्या घरट्यांची राखण करते. आकाशात सोडलेला फुगा शेवटी कुठेतरी खाली येतो. समुद्रात पडलेले त्याचे तुकडे अन्न समजून गिळले गेले तर ते कासवाच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे फुगे आणलेच, तर मोजके आणावेत आणि ते आकाशात सोडू नयेत.

साहित्य कुठून जमवावे

सजावटीचे निम्मे साहित्य घरातच असते. जुन्या सुती साड्या, ओढण्या, शिंप्याकडील चिंध्या, खोक्यांचे पुठ्ठे, वर्तमानपत्रे आणि जुन्या दिनदर्शिकांची जाड पाने एका पिशवीत जमवत जावीत. उरलेले अंगणात आणि कुळागरात मिळते. आंब्याचे टाळे, फणसाची पाने, माडाच्या झावळ्या, केळीची पाने आणि पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असणारी रुंद विरी यांना पैसे पडत नाहीत. पतंगी कागद, सुतळी आणि झेंडूची फुले डिचोलीच्या बुधवारच्या किंवा पेडण्याच्या गुरुवारच्या आठवडी बाजारातून आणता येतात. अबोलीचा एखादा वळेसार त्यात असला तर औक्षणाच्या ताटालाही शोभा येते.

ऋतूचा विचार मात्र आधी करावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत दमट हवेने कागद मऊ पडतो, गोंद सुटतो आणि रंग ओघळतो. म्हणून पावसाळ्यातील वाढदिवसाला कापड, पाने आणि फुले यांवर भर द्यावा. कागदी काम हिवाळा-उन्हाळ्यासाठी ठेवावे. उन्हाळ्यात पाने लवकर कोमेजतात, तेव्हा ती त्याच दिवशी सकाळी तोडून संध्याकाळपर्यंत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावीत.

पताका, कंदील आणि आकडा

सर्वांत कमी श्रमांत घराचे रूप बदलणारी वस्तू म्हणजे कापडी पताका. १५ सेंटिमीटर पाया आणि २० सेंटिमीटर उंची असलेला त्रिकोण पुठ्ठ्यावर कापून घ्यावा आणि त्याच्या मापाने कापड कापावे. एक त्रिकोण सुलटा, शेजारचा उलटा असे आखले तर कापड वाया जात नाही. साडेपाच मीटर लांबीच्या साडीच्या अर्ध्या भागातून दीडशेहून अधिक पताका सहज निघतात. दोन पताकांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर १० मीटरच्या माळेला ५० पताका लागतात. म्हणजे अर्ध्या साडीत तीन माळा होतात, आणि त्या पडवी व अंगण या दोन्हींना पुरतात. सुतळीवर वरची कड दुमडून धावदोरा घातला की झाले. शिलाई यंत्र असायलाच हवे असे नाही.

कंदिलासाठी सारख्या लांबीच्या बांबूच्या १२ काड्या घ्याव्यात. प्रत्येक काडी ३० सेंटिमीटर असली तर त्यांतून चौकोनी खोक्यासारखा सांगाडा तयार होतो. कोपरे सुती दोऱ्याने घट्ट बांधावेत, चार बाजूंना पतंगी कागद चिकटवावा आणि खाली झिरमिळ्या सोडाव्यात. आत मेणबत्ती वा पणती न ठेवता लहान एलईडी दिवा लावावा. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ पुरते. दोन चमचे मैदा एक पेला थंड पाण्यात गुठळ्या राहू न देता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत दाट करावा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असते. मुले हात लावणार असतील तर ते टाळावे आणि खळ लागेल तेवढीच ताजी करावी.

मुलाच्या वयाचा आकडा हा सजावटीचा केंद्रबिंदू असतो. ६० सेंटिमीटर उंचीचा आकडा पुठ्ठ्यावर कापून त्यावर झेंडूची फुले किंवा वर्तमानपत्राच्या घड्यांची फुले चिकटवावीत. आकड्याभोवती आंब्याच्या टाळ्यांची चौकट केली तर छायाचित्रासाठी वेगळा पडदा लागत नाही.

मुलांच्या हातांना काम

या सजावटीचा खरा लाभ असा की मुले पाहुणी न राहता तिची कर्ती होतात. फणसाची पाने एकावर एक ठेवून माडाच्या हिरांनी टाचली की मुकुट होतो. हिरांची टोके मात्र मोठ्यांनी आत वळवून मोडावीत. लहान मुलाच्या डोक्याला साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरते. माडाच्या पात्यांचे भिरभिरे, घड्याळ आणि पिपाणी करणारे आजोबा अजूनही बहुतेक वाड्यांवर आहेत. त्यांना तासभर बसवून मुलांना शिकवायला सांगितले, तर करमणुकीचा कार्यक्रम आणि परतभेट ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. प्रत्येक मुलाने स्वतः केलेले भिरभिरे घरी न्यावे. त्याहून काही द्यायचे असल्यास भाजीच्या बिया पेरलेली मातीची पणती किंवा शेजारच्या सावंतवाडीचे एखादे लाकडी खेळणे द्यावे.

खेळांनाही साहित्य लागत नाही. लगोरीला फुटक्या कौलाचे तुकडे आणि कापडी चेंडू पुरतो. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बियांचे खेळ रंगतात. कापडाच्या छोट्या पिशवीत चिंचोके भरून ती टोपलीत टाकण्याचा खेळ चार वर्षांच्या मुलालाही जमतो.

पानावरचे खाणे

वीस मुलांसाठी पातळ भाजी, पाव, कोकमाचे सरबत आणि एक गोड पदार्थ एवढे भरपूर होते. केकची हौस असेल तर तवसळीही तीच जागा भरून काढते. तांदळाचा दोन वाट्या रवा थोड्या तुपावर परतावा. त्यात दीड वाटी किसलेले तवसे, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलची घालावी. तवशाच्या पाण्यातच मिश्रण भिजते; ते फारच कोरडे वाटले तर थोडे नारळाचे दूध घालावे. तूप लावलेल्या डब्यात सुमारे अर्धा तास वाफवले की सुरीने कापता येईल अशी वडी तयार होते. वीस मुलांसाठी हे प्रमाण दुप्पट करावे. तवशांचा हंगाम नसेल तर लाल भोपळा चालतो. वाढण्यासाठी केळीची पाने, फणसाच्या पानांचे द्रोण किंवा पोफळीच्या विरीच्या ताटल्या वापराव्यात आणि पाण्यासाठी घरातील व शेजारचे स्टीलचे पेले एकत्र करावेत.

औक्षण आधी आणि केक किंवा तवसळी नंतर, असा क्रम बहुतेक घरांत असतो. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी एवढ्या ताटाने आजी मुलाला ओवाळते, तो क्षण सजावटीच्या मध्यभागी यावा अशी पाटाची जागा आधीच ठरवावी.

काही सावधगिरी

निरांजन किंवा मेणबत्ती पेटलेली असताना तिच्यावर कागदी माळा लोंबकळू नयेत. निदान हातभर अंतर राखावे. फेसाच्या फवाऱ्यात ज्वलनशील वायू असतो, म्हणून ज्योतीजवळ तो मुळीच वापरू नये. उडत्या फुग्यांत हेलियमऐवजी अनेकदा स्वस्त हायड्रोजन भरलेला असतो आणि ज्योत लागताच तो भडकतो. साधा फुगाही लहानग्यांसाठी निर्धोक नाही, कारण फुटलेल्या रबराचा तुकडा घशात अडकून श्वास कोंडू शकतो. फुग्याचे तुकडे लगेच गोळा करावेत. ध्वनिक्षेपक लावल्यास रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंदी पाळावी.

आठ दिवसांचे वेळापत्रक

घाई झाली की माणूस पुन्हा तयार पाकिटाकडे वळतो. म्हणून आठ दिवस आधी पाहुण्यांची संख्या ठरवावी आणि कापड कापून घ्यावे. पाच दिवस आधी पताका शिवाव्यात, तीन दिवस आधी कंदिलाचा सांगाडा आणि पुठ्ठ्याचा आकडा करावा. आदल्या आठवडी बाजारात कागद व फुले आणावीत. बाजार दोन दिवसांपेक्षा आधी पडत असेल तर फुले शेजारच्या बागेतून घ्यावीत. आदल्या रात्री माळा टांगाव्यात आणि पाने-फुलांचे काम त्याच दिवशी सकाळी करावे. रोज संध्याकाळी मुलांसह तासभर दिला तरी हे सारे पुरे होते.

सोहळा संपल्यावरची आवराआवरही आखणीतच धरावी. खरकटे, पाने आणि फुले माडाच्या आळ्यात जातात. कागद सुक्या कचऱ्यात वेगळा ठेवून पंचायतीच्या गाडीला द्यावा. अन्न आणि सजावट एकत्र कोंबलेली पिशवी रस्त्याकडेला पडली तर ती गुरांच्या पोटात जाते. पताका, कंदिलाचा सांगाडा आणि पुठ्ठ्याचे आकडे मात्र टाकण्याजोगे नसतात. एखाद्या वाड्यावरील चार-पाच घरांनी किंवा महिला मंडळाने ते एका पेटीत जपून ठेवले आणि ज्या घरी वाढदिवस असेल तिथे ती पेटी पोहोचवली, तर दहा माळांत वर्षभराचे सोहळे होतात. मग कोणत्याही मुलाची आरास दुसऱ्याच्या आरासीपेक्षा कमी ठरत नाही. पेटीत प्रत्येक घराने दरवर्षी एखादी नवी माळ घालावी, म्हणजे झाले.