विश्लेषण : माता-बाल रुग्णालयाचा नकाशा ठरवताना मातांना का विचारायचे?

नवे महिला व बाल रुग्णालय मंजूर झाले की बातमी होते ती खाटांच्या संख्येची, निधीच्या आकड्याची आणि भूमिपूजनाच्या तारखेची. सिझेरियन झालेली आई तळमजल्यावर आणि तिचे बाळ दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या पेटीत असेल, तर दर दोन तासांनी दूध पाजायला तिने जायचे कसे? सोबत आलेल्या आईने किंवा सासूने रात्र काढायची कुठे? असे प्रश्न इमारत वापरात आल्यावर पुढे येतात आणि तोवर भिंती उभ्या राहिलेल्या असतात. म्हणूनच काही देशांत नकाशा पक्का होण्याआधी महिला, पालक आणि मुलांनाही आराखड्याच्या चर्चेत बसवले जाते. ही पद्धत काय आहे, तिचा उपयोग होतो का आणि महाराष्ट्रात ती शक्य आहे का, याचा आढावा.

काय आहे ही पद्धत?

सरकारी प्रकल्पात नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवण्याची प्रथा आपल्याला परिचित आहे. त्यात आराखडा आधी तयार होतो आणि लोकांनी त्यावर मत द्यायचे असते. लोकसहभागातून आराखडा करताना हा क्रम उलटा होतो. जागा, विभाग आणि खोल्यांची गरज ठरत असतानाच रुग्ण, नातेवाईक, परिचारिका, सफाई कर्मचारी आणि डॉक्टर यांच्याशी बोलले जाते. मग वास्तुरचनाकार प्राथमिक नकाशा काढतात, तो पुन्हा याच लोकांसमोर ठेवतात आणि त्यांच्या सूचनांनुसार दुरुस्त करतात. शेवटच्या टप्प्यात एखाद्या खोलीची खऱ्या मापाची प्रतिकृती पुठ्ठ्याने किंवा प्लायवूडने उभी केली जाते. त्यात खाट ठेवून, स्ट्रेचर वळवून पाहिले जाते. कागदावर पुरेसे वाटलेले अंतर प्रत्यक्षात किती अपुरे आहे, हे अशा वेळी पाच मिनिटांत कळते.

सुरुवातीलाच का विचारायचे?

याचे कारण बांधकामाच्या गणितात आहे. नकाशावरची भिंत खोडरबराने सरकते, बांधलेली भिंत सरकत नाही. रुग्णालयात तर भिंतीबरोबर ऑक्सिजनची पाइपलाइन, विजेची जोडणी, वातानुकूलनाचे डक्ट आणि सांडपाण्याचे नळ येतात. वॉर्डात आणखी एक शौचालय हवे होते, हे स्लॅब पडल्यावर लक्षात आले तर तिथला स्लॅब खोलगट ठेवलेला नसतो आणि खालच्या मजल्यावर नेमके शस्त्रक्रियागृह असू शकते. एकेका बदलासाठी फोडाफोड, नवी मंजुरी आणि वाढीव खर्च अटळ होतो. त्यामुळे बहुतेक वेळा बदल होतच नाही आणि पुढची अनेक वर्षे रुग्णांनाच त्या इमारतीशी जुळवून घ्यावे लागते.

आई-बाळ एकत्र ठेवण्याला इतके महत्त्व का?

‘माझे बाळ माझ्याजवळ असावे,’ ही कोणत्याही बाळंतिणीची पहिली इच्छा असते. ती केवळ भावनिक नाही, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या समन्वयाने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत हा अभ्यास झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ नवजात बालकांचा त्यात समावेश होता. एका गटात बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच त्याला आईच्या किंवा जवळच्या नातेवाईकाच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले गेले. यालाच ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. दुसऱ्या गटात नेहमीच्या पद्धतीने, प्रकृती स्थिर झाल्यावर ही काळजी सुरू झाली. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के आढळले. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आराखड्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. पहिल्या गटातील बाळे अतिदक्षता कक्षात दिवसाचे सुमारे १७ तास छातीशी होती. म्हणजे त्या कक्षात बाळाच्या पेटीशेजारी आईची खाट हवी. आईलाही बाळंतपणानंतर तपासणी लागते, म्हणून तिच्यावर उपचार करण्याची सोय तिथेच हवी. जवळ शौचालय हवे, जेवणाची सोय हवी. आपल्याकडच्या अनेक नवजात शिशू कक्षांत आईने ठरावीक वेळी येऊन दूध पाजून जायचे, अशीच रचना आहे. आईच्या खाटेची जागा नकाशातच नसेल, तर डॉक्टरांची कितीही इच्छा असली तरी ती ऐनवेळी निर्माण करता येत नाही.

ॲडलेडच्या नव्या रुग्णालयात काय ठरले?

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथे नवे महिला व बाल रुग्णालय उभारले जात आहे. ३.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च, ४१४ खाटा आणि २०३०-३१ मध्ये पूर्णत्व, अशी त्याची आखणी २०२२ मध्ये जाहीर झाली. तेथील सध्याच्या महिला रुग्णालयात प्रसूतीनंतर प्रकृती गंभीर झालेल्या महिलेला प्रौढांच्या अतिदक्षता विभागासाठी दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते आणि बाळ मागे राहते. नव्या आराखड्यात महिलांसाठी अतिदक्षता खाटा याच इमारतीत ठेवण्याचे ठरले. प्रसूती विभाग, शस्त्रक्रियागृहे आणि अतिदक्षता कक्ष शक्य तितके एकमेकांजवळ असावेत, हा डॉक्टरांचा आग्रहही मान्य झाला. आराखड्याच्या चर्चेत रुग्ण व पालकांचे प्रतिनिधी, तरुण मुले-मुली आणि त्या भूमीवरील मूळ रहिवासी समाजाचे प्रतिनिधी यांना स्थान देण्यात आले.

मात्र सगळेच निर्णय लोकांवर सोपवले गेले, असे नाही. आधीची जागा अपुरी ठरल्याने सरकारने नवी जागा निवडली, ती होती थेबर्टन येथील शतकाहून जुन्या पोलीस बराकींची. वारसा दर्जा असलेल्या या इमारती पाडण्यास विरोध झाला. सरकारने त्यासाठी विशेष कायदा करून मार्ग मोकळा केला. जागेचा निर्णय सरकारचा आणि आतल्या रचनेची चर्चा लोकांशी, अशी ही विभागणी झाली. लोकसहभाग म्हणताना नेमके काय खुले आहे आणि काय आधीच ठरले आहे, हे स्पष्ट सांगणे का आवश्यक असते, ते या उदाहरणातून दिसते.

लहान मुलांना विचारून काय उपयोग?

इंग्लंडमधील लिव्हरपूलचे ‘ऑल्डर हे’ बाल रुग्णालय २०१५ मध्ये नव्या इमारतीत गेले. आराखडा ठरत असताना तिथे मुला-मुलींचा स्वतंत्र गट नेमला होता. एका १५ वर्षांच्या मुलीने काढलेल्या फुलाच्या चित्रावरून इमारतीच्या आकाराची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. बोटांसारखे पुढे आलेले विभाग आणि त्यांच्यामधून आत शिरणारी हिरवळ, असे तिचे रूप आहे. खिडकीतून बाग दिसावी, ही मुलांची मागणी होती. बहुतेक मुलांना स्वतंत्र खोली आणि सोबतच्या पालकाला तिथेच झोपण्याची सोय मिळाली. ताटातले अन्न गार आणि बेचव असते, ही तक्रारही मुलांची. त्यावर प्रत्येक वॉर्डाजवळ स्वयंपाकाची सोय करण्यात आली. आजारी मूल जेवत नाही, तेव्हा त्याचे बरे होणेही लांबते. त्यामुळे ही मागणी बालहट्ट म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती.

महाराष्ट्रात असे कुठे झाले आहे?

झाले आहे आणि तेही बऱ्याच आधी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मिळालेली उत्तरे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि पांढरे कापड तर आम्ही मृतदेहावर घालतो. रुग्णाला आत घेतात आणि नातेवाइकांना बाहेर काढतात. तिथे आमची भाषा कुणी बोलत नाही, आमचा देवही नाही.

या उत्तरांवरूनच शोधग्राम येथील दवाखान्याची रचना ठरली. गोंड वस्तीसारख्या झोपड्या, रुग्णासोबत कुटुंबाला राहण्याची सोय, आवारात दंतेश्वरी देवीचे मंदिर. दवाखान्याचे नावही ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. हे सारे महागडे तंत्रज्ञान वापरून केलेले नाही. त्यासाठी लागले ते आधी विचारणे आणि मिळालेले उत्तर नकाशात उतरवणे.

राज्याची ‘माहेरघर’ योजनाही याच विचाराच्या जवळ जाणारी आहे. दुर्गम आदिवासी भागातील गर्भवतीला प्रसूतीच्या काही दिवस आधी आरोग्य केंद्राजवळ मुक्कामाला आणायचे, सोबत लहान मूल आणि नातेवाईक यांची सोय करायची. घरच्या लहान मुलाला कुणाकडे सोडायचे, हाच अनेकींचा अडथळा असतो, हे या योजनेने ओळखले आहे.

सरकारी चौकटीत यासाठी जागा आहे का?

काही प्रमाणात आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी महिलेसोबत जवळची एक व्यक्ती असू द्यावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ उपक्रमात प्रसूतिगृहातील खासगीपणा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीचा हक्क यांवर भर आहे. मात्र एकाच दालनात ओळीने प्रसूतीचे टेबल असतील आणि मध्ये पडदाही नसेल, तर एकीचा सोबती म्हणजे दुसरीचा संकोच ठरतो. मग ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागते. म्हणजेच हक्क कागदावर आहे, पण आराखडा त्याच्या आड येतो.

लोकांना विचारण्यासाठी यंत्रणाही आहेत. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. महाराष्ट्रात २००७ पासून पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यातील जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर थेट गाऱ्हाणी मांडतात. परंतु हे सारे मुख्यतः चालू सेवेबद्दल असते. नवी इमारत बांधताना खोल्या आणि क्षेत्रफळ यांची मानके असतात, ठरावीक नमुन्याचे नकाशे असतात. ती इमारत वापरणाऱ्या महिलांशी बोलण्याचा टप्पा त्यात सहसा येत नाही.

मर्यादा कोणत्या?

लोकांना विचारायचे म्हणजे सगळे मतदानाने ठरवायचे, असे नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. विजेचा भार, धूर बाहेर जाण्याची व्यवस्था, आपत्कालीन मार्ग या बाबी तज्ज्ञांनीच ठरवायच्या आणि त्यात तडजोड करायची नाही. जंतुसंसर्गाचेही तसेच आहे. आई बाळाजवळ असावी, पण वॉर्डात गर्दी नसावी, यातला तोल वैद्यकीय ज्ञानानेच साधावा लागतो.

दुसरी अडचण म्हणजे बोलते कोण? जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारी बैठक ठेवली तर रोजंदारीवरची महिला मजुरी बुडवून येणार नाही. आली तरी मोठ्या अधिकाऱ्यांसमोर बोलणार नाही. मग तिच्या नावाने दुसरेच बोलतात. तिसरी अडचण विश्वासाची. सूचना घेतल्या आणि पुढे काय झाले हे कधीच कळले नाही, तर पुढच्या वेळी कुणी येत नाही.

मग विचारायचे कसे?

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. महिलांना बैठकीला बोलावण्याऐवजी त्या जमतात तिथे जाता येते. गावातील लसीकरणाचा दिवस, अंगणवाडी आणि प्रसूतीनंतरचा वॉर्ड ही त्यासाठी योग्य ठिकाणे आहेत. आशा सेविका आणि परिचारिका यांच्यामार्फत त्यांच्याच बोलीत विचारता येते. ‘रुग्णालय कसे हवे?’ या प्रश्नाला ‘चांगले हवे’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘मागच्या बाळंतपणात दवाखान्यात शिरल्यापासून घरी जाईपर्यंत कुठे कुठे अडले?’ असे विचारले, तर केसपेपरच्या रांगेपासून कडी नसलेल्या शौचालयापर्यंत सगळे बाहेर येते.

नकाशा सर्वांना वाचता येत नाही. पण मोकळ्या मैदानात चुन्याची फक्की मारून प्रसूतिगृह खऱ्या मापात आखले आणि त्यात एक खाट ठेवली, तर जागा पुरते की नाही हे कुणीही सांगू शकते. शेवटी मान्य झालेल्या आणि अमान्य केलेल्या सूचनांची यादी कारणांसह रुग्णालयाच्या फलकावर लावावी लागते. ‘ही मागणी अग्निसुरक्षेमुळे मान्य झाली नाही,’ असे स्पष्ट लिहिलेले लोकांना पटते. न मिळालेले उत्तर पटत नाही.

रुग्णालयाची इमारत एकदा उभी राहिली की काही दशके वापरात राहते. नकाशावर सही होण्याआधी यासाठी दिलेले दोन-तीन महिने त्या तुलनेत फार नाहीत. आईची खाट बाळाशेजारी येणार की नाही, हे त्याच महिन्यांत ठरते.