सौंदर्यप्रसाधनांतील अपायकारक द्रव्ये

त्वचा, केस, डोळे व ओठ यांवर शोभेसाठी किंवा रूढीनुसार लावल्या जाणाऱ्या पदार्थांत आढळणारी व शरीरास इजा करणारी रसायने. शिसे व पारा यांची संयुगे, काही कृत्रिम रंग आणि चिकटद्रव्यांतील फिनॉलवर्गीय संयुगे ही त्यांपैकी प्रमुख होत. प्रसाधन एका वेळी अत्यल्प लावले जाते. परंतु ते रोज, बहुधा त्याच जागी व वर्षानुवर्षे लावले जात असल्याने त्यातील अल्पांशही महत्त्वाचा ठरतो.

कुंकू : राणीसावरगावसारख्या (जि. परभणी) गावापासून मुंबईपर्यंत महाराष्ट्रात कुंकवाचा वापर सर्वत्र आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात. हळकुंडांवर टाकणखार व लिंबाचा रस यांची क्रिया होऊन हळदीतील कुर्कुमीन या पिवळ्या रंजकापासून तांबडे संयुग बनते. नंतर ती वाळवून दळतात. हळदीची मोठी बाजारपेठ असलेले वसमत पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ पासून ते हिंगोली जिल्ह्यात आहे. अशा रीतीने केलेल्या कुंकवाऐवजी पांढऱ्या भुकटीत कृत्रिम रंग मिसळून केलेला स्वस्त मालही त्याच नावाने विकला जातो. सूदान १ सारख्या रंगांमुळे काहींना ॲलर्जीजन्य त्वचाशोथ होतो. कपाळावर खाज सुटते व पुढे त्या जागी काळसर डाग राहतो. रंग व नाव सारखे असले, तरी पदार्थ सारखाच असतो असे नाही.

शिसे : शेंदूर हा कुंकवाहून सर्वस्वी वेगळा पदार्थ असून तो रासायनिक दृष्ट्या शिशाचे ऑक्साइड आहे. मारुती, गणपती इ. देवतांच्या मूर्तींना तो लावतात. तोच बोटाने कपाळाला लावल्यास हाताद्वारे तोंडात जाण्याचा संभव असतो. काही सुरम्यांत शिशाचे सल्फाइड असते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे विशेष घातक असून रक्तातील त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात भांगात भरावयाच्या सिंदुराचे अमेरिकेतून ९५ व भारतातून २३ नमुने घेतले होते. शिशाचे प्रमाण दर ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असलेले नमुने त्यांत अनुक्रमे १९ टक्के व ४३ टक्के होते.

टिकली : चिकट टिकलीच्या मागील द्रव्यात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल हे संयुग असल्यास त्वचेतील रंजक पेशींना इजा होऊन टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. तो झाकण्यासाठी अधिक मोठी टिकली लावल्यास संपर्काचे क्षेत्र वाढते आणि डागही पसरू शकतो.

पारा : पाऱ्याची संयुगे त्वचेतील कृष्णरंजकाच्या निर्मितीस अडथळा आणतात, म्हणून गोरेपणाच्या काही मलमांत ती घातली जातात. पारा त्वचेतून रक्तात शिरतो व मूत्रपिंडांस इजा करतो. अकोला येथील एकाच कुटुंबातील तिघींना अशा मलमाच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे प्रकरण २०२३ मध्ये उजेडात आले. त्याचा छडा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात लागला. केरळमध्ये २०२१ ते २०२३ या काळातील एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एकच प्रकार आढळला व त्यांतील १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. वापर थांबविल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला.

नियंत्रण : औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार रंगासाठी शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे. अनवधानाने आलेला पारा दर दशलक्ष भागांत १ भागापेक्षा अधिक चालत नाही. केवळ डोळ्यांभोवती लावावयाच्या प्रसाधनांत तो ७० भागांपर्यंत चालतो. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. सुटा व वेष्टनावर माहिती नसलेला माल मात्र या नियंत्रणातून सहज निसटतो.

दक्षता : उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये छापलेलाच माल घ्यावा. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी ही नावे पारा दर्शवितात. ‘नैसर्गिक’ हा शब्द निर्धोकतेची हमी नव्हे. पाऱ्याचे सल्फाइड असलेला हिंगूळही निसर्गातच सापडतो. नवे प्रसाधन प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस पाहावे. या चाचणीने ॲलर्जी कळू शकते. शिसे वा पारा कळत नाही. टिकली रात्री काढावी, तसेच खाज किंवा पांढरेपणा दिसताच तिचा वापर थांबवावा. शेंदूर हाताळल्यावर जेवणापूर्वी हात धुवावेत व तो मुलांपासून दूर ठेवावा. मलमाच्या वापरानंतर पायांवर सूज आल्यास किंवा लघवीस फेस येत असल्यास लघवीची तपासणी करून घ्यावी आणि ते मलम वैद्यास दाखवावे. कुंकवाची रूढी न सोडताही अपाय टाळता येतो. त्यासाठी ते कशाचे केले आहे, हे घेणाऱ्याने विचारणे आवश्यक आहे.