शालेय परिचारिका : तपासणी आणि उपचार यांमधील दुवा

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी म्हणजेच शालेय आरोग्यसेवा, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः तपासणी ही या सेवेची केवळ पहिली पायरी होय. तपासणीत आढळलेल्या दोषाचे पुढे काय होते, यावरच तिचे शैक्षणिक मूल्य अवलंबून असते. न्यूयॉर्क शहराच्या अनुभवावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

न्यूयॉर्कमध्ये १८९७ साली शाळांच्या वैद्यकीय तपासणीस आरंभ झाला. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, डोक्यातील उवा अशा संसर्गजन्य विकारांची मुले वेगळी काढून त्यांना घरी पाठविणे, हे डॉक्टरांचे काम होते. इतर मुलांचे रक्षण होण्याच्या दृष्टीने ही योजना सयुक्तिक होती. परंतु घरी गेलेल्या मुलावर उपचार करणे कोणाच्याच कर्तव्यात बसत नव्हते. दाट वस्तीतील स्थलांतरित कुटुंबांत सोबत दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ अनेकदा कळत नसे, आणि कळला तरी औषधाची सोय नसे. परिणामी मूल दिवसेंदिवस रस्त्यावर राही, आणि वर्गाबाहेर ठेवलेल्या मुलांशी शाळा सुटल्यावर इतर मुले खेळतच असत. म्हणजे शिक्षण बुडे आणि संसर्गही पुरता टळत नसे.

हेन्री स्ट्रीट येथील सेवाकेंद्राच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांनी हे वैगुण्य ओळखले. त्यांच्या सूचनेवरून ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांत एक महिन्यासाठी प्रायोगिक नेमणूक झाली. त्या शाळांत सुमारे दहा हजार विद्यार्थी होते. किरकोळ विकारांवर शाळेतच मलमपट्टी करून मुलाला पुन्हा वर्गात पाठवावे आणि शाळेचे काम आटोपल्यावर गैरहजर मुलांच्या घरी जाऊन आईला उपचाराची व स्वच्छतेची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी, अशी त्यांची कार्यपद्धती होती. गंभीर विकाराच्या मुलांना दवाखान्याचा मार्ग दाखविला जाई. हा प्रयोग यशस्वी ठरल्याने लवकरच आणखी परिचारिका नेमण्यात आल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले शाळेतून वगळली गेली होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ही संख्या १,१०१ वर आली.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. वगळलेल्यांची संख्या घटली याचा अर्थ रोगही त्याच प्रमाणात घटले, असा होत नाही. पूर्वी ज्या मुलास घरी धाडले जाई, त्याच मुलावर आता शाळेत उपचार होऊन त्यास वर्गात ठेवले जाऊ लागले, हाही या घटीचा एक भाग आहे. मात्र शिक्षणाच्या दृष्टीने नेमका हाच बदल महत्त्वाचा आहे. आरोग्य आणि अध्ययन यांपैकी एकाची निवड करण्याचा प्रसंग मुलावर येऊ नये, ही व्यवस्था त्यातून सिद्ध झाली.

परिचारिकेचे कार्य संसर्गापुरते मर्यादित नाही. फळ्यावरील अक्षरे न दिसणारे किंवा शिक्षकांचे बोलणे नीट ऐकू न येणारे मूल मंदबुद्धीचे समजले जाते. दमा, मधुमेह वा अपस्मार असलेल्या मुलाला शाळेच्या वेळात औषध आणि देखरेख यांची गरज भासते. अशा ठिकाणी शिक्षकाचे निरीक्षण, डॉक्टरांचे निदान आणि पालकांची परिस्थिती यांची सांगड घालणारी व्यक्ती लागते.

भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मजात व्यंगे, पोषणाची कमतरता, बालपणीचे रोग आणि विकासातील विलंब यांचा वेळीच शोध घेणे, हा त्याचा हेतू. त्याच्या फिरत्या पथकाच्या रचनेत दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांचा समावेश आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करावी, अशी योजना आहे. येथे परिचारिका पथकाबरोबर येते आणि पथकाबरोबरच जाते. उरलेले वर्षभर मुलाचा पाठपुरावा शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि पालक यांच्याकडे राहतो. हा पाठपुरावा जेथे शिथिल पडेल, तेथे १९०२ पूर्वीच्या न्यूयॉर्कमधील उणीव निराळ्या रूपाने पुन्हा उद्भवेल : दोषाची नोंद होईल, परंतु मूल आहे तेथेच राहील.

यास्तव शालेय आरोग्यसेवेचे मोजमाप किती मुले तपासली यावरून न करता, दोष आढळलेल्यांपैकी किती मुले उपचार घेऊन वर्गात परतली यावरून करणे अधिक योग्य ठरेल. परिचारिकेच्या कार्याची खरी कसोटीही तीच होय.