निपरचं नाव निपर कसं पडलं?

आजोबांच्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या कधी पाहिल्यात का रे? एचएमव्हीच्या तबकडीवर एक पांढरं कुत्रं कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेलं असतं. ते खरंखुरं कुत्रं होतं बरं का! इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १८८४ साली जन्मलेलं, टेरियरच्या वंशातलं. नाव निपर. इंग्रजीत ‘निप’ म्हणजे हळूच चावा घेणं. घरी पाहुणे आले की हा पठ्ठ्या मागून जाऊन त्यांच्या पोटऱ्यांना दात लावायचा!

मग काय, टेरियर कुत्री चावरीच असतात?

त्यासाठी जरा बिळात डोकवावं लागेल. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन, त्यावरून आला टेरियर. ब्रिटनमध्ये माणसांनी ही कुत्री पाळली ती उंदीर मारायला आणि कोल्ह्यांना बिळातून हुसकायला. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेलनं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची अशीच एक कुत्री विकत घेतली. आजचे जॅक रसेल टेरियर त्याच्याच नावानं ओळखले जातात. या कुत्र्याची छाती पुढच्या पायांमागून माणसाला आपल्या दोन हातांत धरता आली पाहिजे, असा नियमच आहे. नाहीतर ते कोल्ह्याच्या बिळात शिरणार कसं?

आता विचार करा. अंधारं बीळ, समोर कोल्हा, मालक वर. तिथं घाबरून कसं चालेल? आत भुंकत राहायचं, म्हणजे कुठं खणायचं ते मालकाला कळतं. आणि उंदीर दिसला की झडप घालून पकडायचा, जोरात झटकायचा. तुमच्या घरचं कुत्रं पायमोजा तोंडात धरून मान गदागदा हलवतं ना? ती हीच झटकणी! म्हणून पळणारी, किंचाळणारी मुलं दिसली की टेरियरच्या अंगात जुना शिकारी जागा होतो. त्याच्या मनात राग नसतो.

पण जातीवर सगळं ढकलू नका हं. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो, असं त्यात आढळलं. बाकी कुत्रं कसं वाढलं, कोणी काय शिकवलं, यावरही खूप काही असतं.

पिल्लू तर चावणारच. त्याला दुधाचे २८ दात असतात. ते पडून पुढे ४२ येतात, तेव्हा हिरड्या नुसत्या शिवशिवतात. किती जोरात चावायचं हे ते भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की भावंडं केकाटतात आणि खेळ बंद! आपणही तेच करायचं. दात लागले की हात बाजूला घ्यायचा, शांत उभं राहायचं, मग चावायला खेळणं द्यायचं. टेरियरला रोज भरपूर पळवायचं, हुंगून खाऊ शोधायला लावायचं. मारायचं मात्र मुळीच नाही. मार खाल्लेलं कुत्रं आणखी घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं.

आणि गुरगुरलं म्हणून रागवायचं नाही. अंग ताठ होणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, गुरगुरणं, हे सगळं ‘मला नको’ असं सांगणं आहे. गुरगुरण्यावर ओरडा बसला, तर पुढच्या वेळी ते न सांगताच चावेल. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला हात लावू नका. मोठं झालेलं कुत्रं वारंवार चावत असेल, तर आईबाबांना त्याला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. कधी कधी कान किंवा दात दुखत असतो.

आणि कुत्रं चावलंच, अगदी घरचं असलं, नुसतं ओरखडलं असलं, तरी ओरडा बसेल म्हणून लपवू नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा, मोठ्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.